तिकडचे आणि इकडचे

आमचे आबा देऊळगाव राजाचे, पण नोकरीची सारी वर्षं गेली मुंबईत, रेल्वेत. निवृत्त होऊन गावी आले. बालाजीच्या यात्रेत पाहुण्यांनी घर भरलं, की ओसरीवर त्यांच्या भायखळ्याच्या चाळीतल्या गोष्टी सुरू व्हायच्या. त्यांत शेजारच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घराची एक तरी असायचीच. आडनाव कोकणातल्या गावावरून, बोली कुलाबा जिल्ह्याची, शनिवारी चूल बंद. त्यांच्या तेल गाळणाऱ्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत, हे आबा आमच्या वऱ्हाडी पाहुण्यांना मोठ्या चवीनं सांगत.

1948नंतर त्या घरातले दोघे भाऊ इस्रायलला गेले. बीरशेबाहून मराठी पत्रं येत, तीही रडकी. अंगमेहनतीचीच कामं मिळतात, आणि काळ्यांनी काळाच पाव खावा असं ऐकवतात. 1951मध्ये या मंडळींनी धरणं धरलं, 1952मध्ये काही कुटुंबं विमानानं परत आली. पुढे त्यांतल्याही कित्येकांनी पुन्हा तिकडचीच वाट धरली. आबांना याचं हसू यायचं. मला नाही येत.

खरा घोर लागला तो 1962मध्ये. बेने इस्रायलींचं लग्न लावण्याआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासा, असा तिथल्या मुख्य रब्बींचा, म्हणजे धर्मगुरूंचा, हुकूम निघाला. तिकडून पत्र आलं : आजीच्या आईचं माहेर कळवा. शेजारच्या आजी मलिद्याचे पोहे भिजवता भिजवता नावं सांगायच्या, नवगाव, अलिबाग, पेण. आबा ती कागदावर उतरवायचे. एका पणजीपाशी गाडी अडली. आजी भडकल्या, “आम्ही इथं इतकी वर्षं शनिवार पाळला, तेव्हा कोणी कागद मागितला?” 1964च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणं झालं, ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं बेने इस्रायली सर्वार्थानं ज्यूच असल्याचं ठणकावलं, मग रब्बी नमले.

आता भारतात ही मंडळी जेमतेम 4-5 हजार उरली, तिकडे त्यांच्या कितीतरी पट. त्या आजींची एक नात ठाण्यात, दुसरी अश्दोदला. नोव्हेंबर 2008मध्ये मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला तेव्हा अश्दोदची रात्रभर फोन लावत होती. 7 ऑक्टोबर 2023ला हमासनं इस्रायलवर हल्ला केला तेव्हा ठाण्याची. आपल्या वाहिन्यांवर तेव्हा दोन देशांच्या मैत्रीची चर्चा रंगली होती. या दोघींचं बोलणं ‘जेवलीस का’, ‘पोरं कुठंयत’ एवढ्यावरच. शेवटी ठाण्याची म्हणाली, “ताई, सगळे निघून या इकडे.”

“नरिमन हाऊसच्या वेळी मी बोलावलं होतं, आलीस तू?”