रुची आणि रीत

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील चित्रशाळा पाहावयास आलेला मराठी प्रवासी एका चित्रापुढे हटकून थबकतो. हाती दिवा घेऊन उभी असलेली तरुणी, वाऱ्यापासून ज्योत राखण्यासाठी आडवा धरलेला तिचा दुसरा हात, बोटांच्या फटींतून पाझरणारा तांबूस उजेड आणि त्या उजेडात उजळलेली मुद्रा. भोवतालचा काळोख मुद्दाम राखलेला असल्यामुळे तो दिवा खराच तेवत असल्याचा भास होतो. “वा! रविवर्मा ते रविवर्माच!” असा उद्गार त्या ठिकाणी मी कितीदा तरी ऐकला आहे.

चित्र रविवर्म्यांचे नव्हे. सावंतवाडीत जन्मलेले आणि मुंबईत नावारूपाला आलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी ते १९४५-४६ च्या सुमारास रंगविले, तेही जलरंगांत. दिवा घेऊन उभी राहिली ती त्यांचीच कन्या गीता. रविवर्मा तर १९०६ सालीच निवर्तले होते.

त्याच ठिकाणी दुसराही एक स्वर कानी येतो. तो बहुधा चार पुस्तके वाचलेल्या तरुणाचा असतो. “ह्यात कसली आली आहे कला? हे तर कॅलेंडर!” पहिल्याने कर्त्याचे नाव न विचारताच स्तुती केली, दुसऱ्याने चित्र न पाहताच निकाल दिला. दोघांच्याही आवडीनिवडीबद्दल माझी तक्रार नाही. रुची ज्याची त्याची. परंतु ती चारचौघांत बोलून दाखविताना काही एक रीत पाळावी लागते, आणि चूक झाली आहे ती तेथे.

ही रीत मोडल्याने काय होते, याचा इतिहास याच वास्तूतील भिंतींवर टांगलेला आहे. हा राजवाडा तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी १८६१ साली बांधविला. पुढे नाल्वडी कृष्णराजांनी रविवर्म्यांकडून पौराणिक प्रसंगांची चित्रे करवून घेतली. ते काम त्या चित्रकाराच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतले. रविवर्म्यांच्या निधनानंतर वर्षही उलटले नाही, तोच १९०७ साली ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात त्यांच्या कलेवर कठोर टीका सुरू झाली. आनंद कुमारस्वामींनी त्यांच्या चित्रांत नाटकीपणा दाखविला, कल्पनाशक्तीचा अभाव दाखविला आणि शेवटी भारतीय भावनेचीच उणीव दाखविली. पहिल्या दोन आक्षेपांना चित्रापुढे उभे राहून उत्तर देता येते. तिसरा आक्षेप निराळ्या जातीचा आहे. तो चित्रावरून चित्रकाराच्या भारतीयत्वावर जातो. त्याला उत्तर कोण देणार? ज्याने द्यावयाचे तो तर उरला नव्हता.

भगिनी निवेदितांनी त्याच वर्षी घेतलेला आक्षेप मात्र मला अधिक न्याय्य वाटतो, तो मला पटत नसूनही. रविवर्म्यांची शकुंतला भूमीवर पहुडून कमलपत्रावर प्रेमपत्र लिहिते. ती बैठक त्यांना असभ्य वाटली आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. त्यांनी कारण दिले म्हणूनच आज आपल्याला म्हणता येते की, बाईसाहेब, कालिदासाच्या तिसऱ्या अंकातील शकुंतलाही पुष्पांनी आच्छादिलेल्या शिलेवर पहुडलेलीच आहे आणि कमलपत्रावर नखांनी अक्षरे कोरण्याची युक्तीही तेथलीच. तेव्हा दोष असेलच तर त्याचा थोडा वाटा कविकुलगुरूंच्या पदरीही पडावा. कारणासहित दिलेले मत, ते कितीही कडक असले तरी, दुसऱ्याला बोलावयास जागा ठेवते.

कठोरपणा एकाच पक्षाकडे होता असेही नाही. अवनींद्रनाथ ठाकुरांच्या शिष्यवर्गाने नवी भारतीय शैली पुढे आणली, तेव्हा सुरेशचंद्र समाजपतींच्या ‘साहित्य’ पत्राने तिची बंगालीतून यथेच्छ टर उडविली. लांबलचक बोटे आणि कृश देह हा तर चेष्टेचा ठरावीक विषय होऊन बसला.

या पार्श्वभूमीवर म्हैसूरने जे केले ते मोलाचे आहे. येथल्या राजाश्रयाने शिकलेला के. वेंकटप्पा हा तरुण १९०९ साली कलकत्त्यास अवनींद्रनाथांकडे गेला. आयर्लंडहून आलेले कवी जेम्स कझिन्स हे नव्या बंगाली शैलीचे कट्टर पुरस्कर्ते. १९२४ साली त्यांच्या साह्याने आधुनिक भारतीय चित्रांचे दालन जगन्मोहन राजवाड्यात उभे राहिले. परंतु नवे आले म्हणून जुने रविवर्मा बाहेर गेले नाहीत. मासिकांच्या पानांवर ज्यांचे पटले नाही, ते येथे एका छपराखाली नांदू लागले. पाहणाऱ्याने एकाकडून दुसऱ्याकडे चालत जावे आणि आपले मत आपण बनवावे, एवढीच त्या मांडणीची अपेक्षा.

हळदणकरांचे चित्र या घरात आले तेव्हा मुंबईत वारे पालटत होते. १९१८ साली स्थापन झालेल्या ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’च्या संस्थापकांत हळदणकर होते, यथार्थदर्शी चित्रणाची ती पिढी. दिव्याचे चित्र होऊन पुरती दोन वर्षेही झाली नसतील, तोच १९४७ साली सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापून जुन्या वाटेची संगत सोडली. त्यांचे बंड खरे होते आणि आवश्यकही होते. परंतु गाडे-बाकऱ्यांचा अभिमान धरण्यासाठी हळदणकरांना हिणविलेच पाहिजे, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

आता आम्हां परप्रांतस्थ मराठी माणसांविषयी. चित्र हळदणकरांचे आहे हे कळताच आमची छाती फुगते, “आपला माणूस!” असे आम्ही अभिमानाने सांगतो, आणि तेवढ्यावर चित्र पाहणे संपते. हाही कुमारस्वामींच्या तिसऱ्या आक्षेपाचाच उलटा प्रकार. त्यांनी चित्रकाराला देशाबाहेर काढले, आम्ही त्याला गावात ओढतो; चित्राकडे पाहावयाचे राहूनच जाते.

परवा पाहुण्यांबरोबर पुन्हा तेथे गेलो होतो. बरोबरच्या वृद्ध मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “चेहऱ्यापेक्षा मला तो हात आवडला. उजेड हाताच्या आत शिरलाय. चेहरा मात्र जरा जास्तच गोड केलाय, नाही?” मावशींनी कलेवरचे एकही पुस्तक वाचलेले नाही. चेहऱ्याविषयीचे त्यांचे मत मला मान्य झाले नाही. पण त्या बोलल्यामुळे तो हात मी पहिल्यांदाच नीट पाहिला.