कीलरच्या काचपट्ट्या

हार्वर्ड विद्यापीठात विल्यम कॅसल यांच्या हाताखाली आनुवंशिकीचे अध्ययन करीत असता क्लाइड कीलर नावाच्या तरुणाने काही पांढऱ्या उंदरांच्या डोळ्यांचे पातळ छेद रंगवून काचपट्टीवर बसविले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा त्याला जे दिसले त्याहून जे दिसले नाही तेच अधिक विलक्षण होते. उंदीर हा मुळात निशाचर प्राणी. त्याच्या दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींपैकी शेकडा ९७ च्या सुमारास दंडपेशी, म्हणजे अंधुक उजेडात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशी असतात, आणि रंगविलेल्या छेदात त्यांच्या केंद्रकांची दहा-बारा ओळींची दाट जांभळी रास कोणाच्याही नजरेत भरते. या पट्ट्यांवर ती रासच नव्हती. हा दोष मेंडेलच्या नियमानुसार अप्रभावी गुण म्हणून संततीत उतरतो, हे दाखवून कीलरने १९२४ साली तो प्रसिद्ध केला व त्याला ‘दंडविहीन’ असे नाव दिले.

नावातच फैसला झाला होता, आणि तपास मात्र व्हायचा होता. दंड उगवलेच नाहीत, असा त्या नावाचा अर्थ. परंतु ज्या उंदरांना आंधळे ठरविले त्यांच्या बाहुल्या प्रकाशात आकुंचन पावतात, हे स्वतः कीलरनेच १९२७ साली नोंदविले. या निरीक्षणाचे मोल कळावयास फार काळ जावा लागला. दृष्टिपटलातील काही गुच्छपेशी मेलानॉप्सिन या द्रव्याच्या योगाने स्वतःच प्रकाश ओळखतात, हे सिद्ध झाले ते २००२ च्या सुमारास. पाऊण शतक हा पुरावा दप्तरात पडून होता, याचे मला आजही वाईट वाटते.

दरम्यान रिचर्ड सिडमन यांनी १९६१ साली किरणोत्सर्गी थायमिडीनच्या साह्याने उंदराच्या दृष्टिपटलातील पेशींच्या जन्माची मोजदाद केली. त्यांतल्या गुच्छपेशी पहिल्यांत पहिल्या, गर्भावस्थेतच जन्मतात. दंडपेशींची उत्पत्ती मात्र पिलू जन्मल्यावरही काही दिवस चालूच राहते, आणि डोळे उघडतात ते बाराव्या ते चौदाव्या दिवशी. सदोष पिलांत दंडपेशी यथाक्रम जन्मतात, आकार घेऊ लागतात, आणि आठव्या-दहाव्या दिवसापासून, म्हणजे पापणी उघडण्याच्याही आधी, मरू लागतात. तीन-चार आठवड्यांत जवळजवळ सर्व नाहीशा होतात. जी रास कीलरला सापडली नाही ती कधी नव्हतीच असे नव्हे. त्याने डोळा कापण्यापूर्वी ती येऊन गेली होती.  

त्याआधीच, १९५१ साली, स्वित्झर्लंडमध्ये ब्रुक्नर यांना रानटी उंदरांत असाच ऱ्हास आढळला. प्रयोगशाळांतील ‘सी३एच’सारख्या प्रसिद्ध वाणांतही तोच दोष निघाला. मग हा दोष व कीलरचा दोष एकच की दोन? संकर करून पाहावे, तर कीलरच्या उंदरांचा वंश केव्हाच नामशेष झालेला. उरल्या होत्या त्या फक्त काचपट्ट्या.

तेव्हा सत्तर वर्षे जुन्या असलेल्या त्या छेदांतील ऊतक काचेवरून उतरवून त्यातून डीएनए काढण्यात आला, आणि पीसीआरच्या साह्याने त्याच्या प्रती करून त्याचे वाचन झाले. प्रकाशाचा संदेश पेशीत पुढे नेणाऱ्या एका विकराच्या जनुकात, ३४७ व्या स्थानी, प्रथिनाची जुळणी अर्धवट तोडणारी खूण होती; त्याच जनुकात एका विषाणूचा जुना तुकडाही घुसलेला होता. दोन्ही चिन्हे आधुनिक उंदरांतील दोषाशी तंतोतंत जुळली. १९९३ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर चार लेखकांची नावे होती. त्यांत एक नव्वदी उलटलेल्या क्लाइड कीलरचे होते.