ग्राफिक्स कार्ड : बिघाड, तपासणी आणि बदल

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग. डेस्कटॉपमध्ये ते मदरबोर्डच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसवलेले सुटे कार्ड असते. लॅपटॉपमध्ये बहुधा त्याची चिप थेट मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. बिघाडाची लक्षणे दोन्हीकडे सारखी असली, तरी या एका फरकामुळे उपाय आणि खर्च यांत जमीनअस्मानाचे अंतर पडते.

दुरुस्तीच्या दुकानात ‘नो डिस्प्ले’ म्हणून आलेल्या प्रत्येक संगणकाचे कार्ड गेलेले नसते. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो, तेव्हा मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते सर्वांत आधी पाहावे. ती कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लागलेली असणे ही नेहमीची चूक. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स नसते, त्यामुळे तिथून चित्र येणारच नाही. मग रॅम काढून पुन्हा बसवावी, कारण सैल रॅमची लक्षणे हुबेहूब अशीच असतात. संगणक बीप देत असेल तर ते मोजावेत. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप ही व्हिडिओची तक्रार असते. अलीकडच्या अनेक मदरबोर्डांवर बीपऐवजी ‘व्हीजीए’ असे लिहिलेला बारीक दिवा लागतो.

एवढे झाल्यावरच कार्डाला हात लावावा. संगणक बंद करून वीजतार काढावी आणि कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज घालवावी. स्लॉटच्या टोकाची खिटी दाबूनच कार्ड उचलायचे असते. घाईत ओढले तर खिटी तुटते. कार्डाच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांवरची धूळ आणि बोटांचा चिकटा काढायला आपल्याकडचे कारागीर खोडरबर वापरतात. हात हलका असला आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडू दिला नाही, तर ही युक्ती उपयोगी पडते.

पडद्यावर रंगीत चौकोन, उभ्या रेघा किंवा ठिपक्यांची जाळी दिसू लागली, तर ती कधी दिसते याला फार महत्त्व आहे. संगणक सुरू होताच, बायोसच्या पडद्यावरच ती दिसली, तर ड्रायव्हर निर्दोष असतो, कारण तोपर्यंत तो चालूच झालेला नसतो. केबल आणि मॉनिटर बदलूनही ती राहिली, तर चिप किंवा कार्डावरची मेमरी संशयित ठरते. विंडोज उघडल्यावरच त्रास होत असेल, तर जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकून पाहावा. व्हिस्टापासून विंडोज ग्राफिक्स चिपच्या उत्तराची साधारण 2 सेकंद वाट पाहते आणि मग ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो तो बऱ्याचदा यामुळेच. खेळ सुरू झाल्यावर थोड्या वेळाने संगणक बंद पडत असेल, तर धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट आणि कमजोर एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) तपासावेत.

नवे कार्ड घेताना किमतीइतकाच वीजपुरवठ्याचा हिशोब महत्त्वाचा. स्लॉटमधून कार्डाला कमाल 75 वॉट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी 75 आणि आठ पिनांच्या जोडणीतून 150. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या आरटीएक्स 4090 सोबत 600 वॉटपर्यंत वीज वाहू शकणारी सोळा पिनांची जोडणी आली आणि काही ग्राहकांच्या जोडण्या वितळल्या. प्लग पूर्ण आत न बसणे हे त्यामागचे समान कारण असल्याचे एनव्हिडियाने सांगितले. पुढच्या वर्षी जोडणीच्या रचनेत सुधारणा झाली. तेव्हा प्लग शेवटपर्यंत दाबावा, आणि कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, हे विकत घेण्याआधीच मोजावे.

लॅपटॉपची पहिली चाचणी म्हणजे बाहेरचा मॉनिटर जोडणे. तिथे चित्र स्वच्छ आले, तर दोष बहुधा पॅनेलचा किंवा त्याच्या केबलचा असतो. काळ्या पडद्यावर टॉर्च तिरपा मारल्यावर अक्षरे अंधूक दिसली, तर फक्त बॅकलाइट गेलेला असतो. दोन्हीकडे रेघा असतील, तर मात्र बातमी वाईट.

ती किती वाईट असू शकते हे 2008 मध्ये जगाने पाहिले. लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिपांच्या पॅकेजिंगमधील कमकुवत साहित्यापोटी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद करावी लागेल, असे एनव्हिडियाने त्या जुलैत जाहीर केले. वारंवार तापण्या-निवण्याने चिप आणि तिची आधारपट्टी यांमधले सोल्डरचे सूक्ष्म उंचवटे तडकत होते. डेलने बायोस बदलून पंखे जास्त वेळ फिरते ठेवले. ॲपलने जीफोर्स 8600एम जीटी चिप असलेल्या मॅकबुक प्रोची दुरुस्ती मोफत करून दिली.

या प्रकरणातून हीट गनने चिप तापवून पडदा परत चालू करण्याच्या उपायाची मर्यादा स्पष्ट होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत चिप-लेव्हल दुरुस्तीचे उत्तम कसब आहे, पण रीबॉलिंगमध्ये बदलले जातात ते चिपचे पॅकेज आणि मदरबोर्ड यांमधले मोठे गोळे. तडा आतल्या उंचवट्यांत असेल, तर तो तसाच राहतो. चिप तापवल्याने तो तात्पुरता जुळतो आणि पडदा काही आठवडे किंवा महिने चालतो. म्हणून ग्राहकाला हे आधीच सांगणे आणि नवी चिप किंवा पूर्ण मदरबोर्ड यांचा खर्च समोर ठेवणे, हाच सचोटीचा व्यवहार.

बदलता येणारी कार्डे लॅपटॉपमध्ये अगदीच नव्हती असे नाही. एमएक्सएम नावाची सुटी मॉड्यूल काही गेमिंग लॅपटॉप आणि वर्कस्टेशनांत वापरली गेली. मात्र आकार, उष्णतावाहक नळ्या आणि बायोस जुळणे कठीण असल्याने सामान्य ग्राहकाला त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. अमेरिकेतल्या फ्रेमवर्क कंपनीने 2024 च्या सुरुवातीला ग्राहकांच्या हाती दिलेल्या 16 इंची लॅपटॉपमध्ये रेडिऑन आरएक्स 7700एस हे कार्ड मागच्या बाजूने काढता येते. 2025 मध्ये कंपनीने त्याच जागी बसणारे जीफोर्स आरटीएक्स 5070 चे मॉड्यूल जाहीर केले, आणि ते जुन्या ग्राहकांनाही आपल्या लॅपटॉपमध्ये लावता येते.