रिमोटच्या गाडीचा स्क्रू नुसताच फिरतोय? गाडी फेकू नका, गेलेले आटे परत आणता येतात!

मंडळी, वाढदिवसाला हौसेने घेतलेली रिमोटची गाडी चार महिन्यांत माळ्यावर जाते, तेव्हा दरवेळी मोटारच जळालेली असते असं नाही. बऱ्याचदा कारण अगदी एवढंसं असतं. चाकाजवळचा एक स्क्रू नुसताच गोल फिरतो, घट्ट काही होत नाही. चाक लळत-लोंबतं आणि गाडी सरळ चालत नाही. कुणी याला 'आटे गेले' म्हणतं, कुणी 'चुडी गेली', तर कुणी 'स्क्रू स्लिप झाला'.

भंडारा जिल्ह्यात तुमसर, साकोली, पवनी किंवा लाखांदूरच्या बाजारात अशा गाडीचा नेमका तोच सुटा भाग मिळणं अवघड. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, नाहीतर ऑनलाइन मागवायचा. तोही त्याच मॉडेलचा मिळाला तर! त्यापेक्षा ते भोक दुरुस्त करणं सोपं आणि स्वस्त. गंमत म्हणजे यावरचा सगळ्यात टिकाऊ इलाज ज्या धातूचा आहे, त्याच धातूच्या भांड्यांसाठी भंडारा ओळखला जातो. तो धातू म्हणजे पितळ!

आटे जातात कसे?

लोखंडी नटमध्ये आटे आधीच पाडलेले असतात. प्लास्टिकच्या भागात मात्र बहुतेक वेळा साधं गुळगुळीत भोक असतं. कारखान्यात पहिल्यांदा स्क्रू आत जातो तेव्हा तोच प्लास्टिक कापत आपले आटे पाडतो. ३ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी भोक साधारण २.५ मिलिमीटरचं असतं. म्हणजे स्क्रूची पकड प्रत्येक बाजूला जेमतेम पाव मिलिमीटर!

ही पकड तीन कारणांनी जाते. पहिलं म्हणजे 'अजून थोडा' म्हणत जास्त पिळणं. दुसरं, उघडलेला स्क्रू परत लावताना तो जुन्या आट्यांत न बसता नवे आटे कापतो आणि जुने मोडतात. तिसरं म्हणजे आपटी आणि उष्णता. सतत दाबाखाली असलेलं प्लास्टिक हळूहळू सरकतं आणि गरम झालं की जास्त लवकर सरकतं. मोटारीजवळचे स्क्रू आधी सैल होतात त्याचं हेही एक कारण आहे.

आधी प्लास्टिक ओळखा

इथे चुकलं की पुढचं सगळं वाया जातं. अनेक भागांच्या आतल्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात.

- एबीएस: कडक, चकचकीत प्लास्टिक. खेळण्यातल्या गाड्यांचे सांगाडे बहुधा याचेच असतात.
- पीए, म्हणजे नायलॉन: चिवट असतं. महागड्या आरसी गाड्यांच्या चाकाचे दांडे आणि गिअरबॉक्स याचे असतात. अनेकदा त्यात काचेचे तंतू मिसळलेले असतात.
- पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलिन: मेणासारखं गुळगुळीत आणि लवचीक. याला बहुतेक गोंद चिकटतच नाहीत.

अक्षरं दिसत नसतील तर आतल्या, न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचा एक थेंब टाकून बघायचा. एबीएस चिकट होतं. नायलॉन आणि पीपीला काही होत नाही.

दुरुस्तीचे पाच मार्ग, सोप्याकडून पक्क्याकडे

१. थोडा लांब स्क्रू. भोक स्क्रूपेक्षा खोल असेल तर त्याच जाडीचा, पण २ ते ४ मिलिमीटर लांब स्क्रू लावायचा. तळाचं न कापलेलं प्लास्टिक तो पकडतो. मात्र त्याचं टोक पलीकडे वायर किंवा बॅटरीला टोचत नाही ना, हे आधी बघायचं. जाड स्क्रू शक्यतो टाळावा, कारण त्याने भोकाभोवतीची नळी उभी चिरते.

२. केबल टायची पट्टी. केबल टाय नायलॉनचा असतो. त्याची बारीक पट्टी कापून भोकात सारायची, वर आलेला भाग छाटायचा आणि स्क्रू हळू पिळायचा. सगळ्या प्रकारच्या प्लास्टिकला चालणारा हा तात्पुरता इलाज आहे. टूथपिकनेही काम होतं, पण लाकूड ओल धरतं. पाण्याचिखलात जाणाऱ्या गाडीला ते टिकत नाही.

३. एबीएसची लापशी. हा उपाय फक्त एबीएससाठी. त्याच प्लास्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून घट्ट लापशी करायची, भोकात भरायची आणि पूर्ण वाळू द्यायची. त्याला किमान एक दिवस तरी लागतो. मग २.५ मिलिमीटरच्या ड्रिलने नवं भोक पाडायचं. ॲसिटोन झटकन पेट घेतं, म्हणून गॅस आणि अगरबत्तीपासून लांब, खिडकी उघडी ठेवून हे काम करावं.

४. फेविक्विक आणि खायचा सोडा. भोकात चिमूटभर सोडा, त्यावर एक थेंब फेविक्विक, असे पातळ थर द्यायचे. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे गोंद क्षणात दगडासारखा होतो. मग ड्रिल करायचं. हा भराव कडक पण ठिसूळ असतो, त्यामुळे जिथे धक्के बसतात तिथे तो तडकतो. या वेळी गरम वाफ निघते, तोंड लांब ठेवावं. फेविक्विक कापसाने किंवा सुती कापडाने मुळीच पुसू नये. कापसाशी संयोग होऊन ते इतकं तापतं की बोट भाजतं.

५. पितळी इन्सर्ट. ही बाहेरून खरखरीत आणि आतून आटे पाडलेली छोटी पितळी नळी. ३ मिलिमीटर स्क्रूच्या इन्सर्टसाठी साधारण ४ मिलिमीटरचं भोक लागतं. नळी भोकाच्या तोंडावर ठेवून सोल्डरिंग आयर्नने तापवायची. प्लास्टिक मऊ झालं की ती आत सरकते आणि गार झाल्यावर खरखरीत कडांमुळे घट्ट धरली जाते. एबीएससाठी २२० ते २५० अंश पुरतात, नायलॉनला जास्त उष्णता लागते. घाई न करता सरळ दाबायचं आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. भोकाभोवती निदान दीड मिलिमीटर प्लास्टिक उरत नसेल तर हा मार्ग सोडून द्यावा.

यानंतर जुना टोकदार स्क्रू चालत नाही, बारीक आट्यांचा मशीन स्क्रूच लागतो. पण मग धातूवर धातू बसतो. स्क्रू कितीदाही उघडा, प्लास्टिक झिजत नाही. असे पितळी सुटे भाग बनवण्याचं देशातलं मोठं केंद्र म्हणजे गुजरातमधलं जामनगर.

हे मात्र करू नका

स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात ते थ्रेडलॉक धातूसाठी असतं. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात. पीव्हीसीला सोल्डरिंग आयर्न लावू नये, विषारी वायू निघतो. आणि मशीनने स्क्रू पिळू नये, हातानेच पिळावा.

एक स्क्रू मात्र लगेच दुरुस्त करा

खेळण्याच्या किंवा रिमोटच्या सेलच्या झाकणाचा स्क्रू गेला, तर बरेच जण सेलोटेप लावून मोकळे होतात. आत चपटा बटण सेल असेल तर हे धोक्याचं आहे. तो स्क्रू शोभेसाठी नसतो, लहान मुलाच्या हाती सेल लागू नये म्हणून असतो. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठावा. झाकण दुरुस्त होईपर्यंत सेल काढून मुलांपासून दूर ठेवावा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तेही खरेदी करताना बघावं.

आटे पुन्हा जाऊ नयेत म्हणून

यासाठी जुन्या मेकॅनिकची एक साधी युक्ती आहे. स्क्रू भोकावर ठेवायचा आणि आधी उलटा फिरवायचा. 'टक्' असं होऊन स्क्रू किंचित खाली बसल्यासारखा वाटतो. याचा अर्थ जुने आटे सापडले. आता सुलटा फिरवायचा आणि डोकं टेकलं की थांबायचं. एवढी एक सवय लागली तर वरच्या पाचपैकी एकाही उपायाची वेळ सहसा येत नाही.

काय मंडळी, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी गाडी पडून आहे का? मग काढा खाली, आणि ही माहिती पेचकस घेऊन बसणाऱ्या तुमच्या मित्रालाही पाठवा!