पाहुणा कारागीर आणि शिकणारा हात

कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून कलाशिक्षणाविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण ज्याला आज ग्राफिक डिझाइन म्हणतात ती विद्या वाढली छापखान्यात, आणि छापखान्यातील कामगारांत आमची हयात गेली. अक्षर कोणते घ्यावे, ओळ किती लांब ठेवावी, समास किती सोडावा, हे प्रश्न कलाशाळेत पोहोचले ते फार उशिरा. त्याआधी ते खिळे जुळवणाऱ्याच्या केसपाशी आणि शिळाछापाच्या दगडापाशी रोजच्या रोज सुटत होते. म्हणून धंद्यातली माणसे कलाशाळेत पाहुणी म्हणून येतात तेव्हा विद्यार्थ्याने त्यांच्यापासून काय घ्यावे, हा प्रश्न आम्हांला परका वाटत नाही. तो नवाही नाही. लंडन शहराने त्याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी शोधले. ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

तिचा आरंभ आपल्यासारख्याच एका जाहीर व्याख्यानाने होतो. १५ नोव्हेंबर १८८८ रोजी रीजंट स्ट्रीटवरील न्यू गॅलरीत एमरी वॉकर नावाचे गृहस्थ छपाईवर बोलायला उभे राहिले. वॉकरांची शाळा तेराव्या वर्षीच सुटली होती. चित्रांचे ठसे तयार करण्याचा त्यांचा धंदा. वक्तृत्वाचा सराव नव्हता. पण त्यांनी एक युक्ती केली. जुन्या हस्तलिखितांची आणि छपाईच्या पहिल्या काळातील पुस्तकांची पाने त्यांनी जादूच्या कंदिलातून पडद्यावर मोठी करून दाखवली. एरवी नखाएवढे दिसणारे अक्षर हातभर झाले. त्याची वळणे, त्याचे पोट, शेजारच्या अक्षराशी त्याचे असलेले अंतर, सारे काही डोळ्यांत भरले.

श्रोत्यांत विल्यम मॉरिस होते. वय चौपन्न, कवी म्हणून नावाजलेले, कापडाच्या नक्षीकामात पारंगत, शिवाय समाजवादाचे प्रचारक. त्या व्याख्यानानंतर त्यांनी स्वतः टाइप तयार करण्याचे मनावर घेतले. पंधराव्या शतकातील व्हेनिसच्या छपाईचे फोटो मोठे करवून ते गिरवून पाहिले आणि १८९१ साली केल्मस्कॉट प्रेस काढला. वॉकरांनी मॉरिसना कोणती शैली दिली नाही. पाहण्याची रीत दिली. पाहुण्याकडून घेण्याची पहिली गोष्ट ही. त्याचे काम नक्कल करण्यासाठी नसते. त्याची नजर कुठे थांबते, कशावर अडते, ते हेरायचे असते.

पुढे हेच एका संस्थेचे धोरण झाले. लंडन काउंटी कौन्सिलने १८९६ मध्ये सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्स ही शाळा उघडली. तिची धुरा विल्यम लेथबी या वास्तुशिल्पज्ञाने जॉर्ज फ्रॅम्प्टन या मूर्तिकारासह उचलली. लेथबींचा आग्रह साधा होता. शिकवणारा माणूस त्या धंद्यात आज काम करणारा असावा. दिवसा त्याने आपल्या कारखान्यात काम करावे आणि संध्याकाळी वर्गावर यावे. जो धंदा सोडून नुसता शिकवत बसतो तो हळूहळू कालचेच शिकवू लागतो, आणि विद्यार्थ्याला ते कळतही नाही. विद्यार्थीही बहुतेक दिवसभर कामावरून आलेले असत. म्हणजे कामकरी कामकऱ्याला शिकवीत होता.

अशा शिक्षकांपैकी दोघांची नावे घेतलीच पाहिजेत. पहिले एडवर्ड जॉन्स्टन. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून आलेला हा प्रकृतीने अशक्त तरुण १८९९ साली सुलेखनाचा वर्ग घेऊ लागला, तेव्हा तो स्वतःच ब्रिटिश म्युझियममधील जुन्या पोथ्यांपुढे बसून शिकत होता. रुंद टोकाच्या लेखणीने लिहिले की जाड-बारीक रेघ आपोआप पडते, अक्षराचा आकार लेखणीच्या टोकातून आणि तिच्या कोनातून निघतो, हे त्याने शोधून काढले आणि विद्यार्थ्यांपुढे करून दाखवले. बोरू तासून कित्ता गिरवलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना हे सांगावे लागले नसते. बोऱ्वाच्या तिरक्या टोकानेच तर आपल्या बाळबोध अक्षराला तोल दिला.

जॉन्स्टन आरंभी जो नमुना शिकवीत तो त्यांनी पुढे बदलला आणि दहाव्या शतकातील एका इंग्रजी पोथीचे अधिक सुबोध वळण पायाभूत म्हणून घेतले. विद्यार्थ्यांच्या देखत गुरूचे मत बदलले. पाठ्यपुस्तकात निकाल तेवढा छापलेला असतो. त्याआधीची खाडाखोड पाहायला मिळते ती जिवंत माणसाजवळच. पाहुण्याकडून घेण्याची ही दुसरी गोष्ट. म्हणून विद्यार्थ्याने पाहुण्याला उत्तम कामे दाखवा असे म्हणण्यापेक्षा फेकून दिलेले कच्चे कागद दाखवा असे म्हणावे.

दुसरे जॉन हेन्री मेसन. हे आमच्या बिरादरीतले. लहान वयात छापखान्यात उमेदवारीला लागले, पुढे डव्ह्ज प्रेसमध्ये खिळे जुळवू लागले आणि लॅटिनसारख्या भाषा कामाच्या वेळेबाहेर शिकले. त्या छापखान्याचे पाच खंडांचे बायबल १९०३ ते १९०५ या काळात निघाले. त्याची जुळणी त्यांच्या हातची. १९०५ पासून ते संध्याकाळी सेंट्रल स्कूलमध्ये शिकवू लागले आणि १९०९ मध्ये तेथील ग्रंथनिर्मितीच्या दिवसाच्या शाळेचे प्रमुख झाले. १९१३ साली ‘द इंप्रिंट’ हे छपाईविषयक मासिक निघाले, त्याच्या संपादकांत मेसन आणि जॉन्स्टन दोघेही होते. त्या मासिकासाठी मोनोटाइप यंत्राकरिता खास टाइप तयार झाला. हातकामाचे हे उपासक यंत्राला शिव्या देत बसले नाहीत. यंत्राकडून चांगले काम कसे घ्यावे हे त्यांनी पाहिले. जॉन्स्टन यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी आखलेली वर्णमाला १९१६ पासून वापरात आली, आणि सुधारलेल्या रूपात आजही रोज लाखो उतारू ती वाचतात. गर्दीत, घाईत, अंधुक उजेडात वाचता येईल असे अक्षर हवे, ही अट गिऱ्हाइकाची. अट ही कलेची वैरीण नव्हे, हा तिसरा धडा.

आता आमच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. नाहीतर ही हकीकत एकांगी होईल. शाळा नवे हात तयार करून मजुरी उतरवील अशी धास्ती तेथील संघटनांना होती. म्हणून प्रवेश मुख्यतः धंद्यात असलेल्यांनाच मिळे. या धास्तीला आधार होता. ज्याचे पोट हातावर आहे तो दाराशी पहारा ठेवणारच. पण त्याच पहाऱ्याने लंडनच्या जुळाऱ्यांच्या संघटनेने स्त्रियांना दीर्घकाळ बाहेर ठेवले, हेही खरे. दुसरीकडे ॲना सिमन्स ही जर्मन बाई मायदेशी कलाशाळेचे दार बंद म्हणून लंडनला आली, जॉन्स्टन यांच्याकडे रॉयल कॉलेजात शिकली, आणि तिने त्यांच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर १९१० साली प्रसिद्ध केले. पहारा असावा तो मजुरीवर; विद्येवर नसावा. आमच्या चळवळीने हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे मुंबईत जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये निघाली, पण तेथे जाहिरातकलेचा विभाग सुरू व्हायला १९३५ साल उजाडले, आणि उपयोजित कलेची वेगळी संस्था १९६१ मध्ये झाली. मधल्या काळात देवनागरीचे खिळे सुबक केले ते कामगारांतून वर आलेल्या माणसांनी. निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी मिशनच्या छापखान्यात कामाला लागले होते. धंदा आणि वर्ग यांची गाठ आपल्याकडेही पडल्यावाचून राहिली नाही. र. कृ. जोशी जाहिरातीच्या धंद्यात अनेक वर्षे काढून पवईच्या आयआयटीत शिकवू लागले. संगणकावरील ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचाच.

मात्र पाहुणा आणि अर्धपोटी शिक्षक यांत घोळ होता कामा नये. लेथबींच्या शाळेत येणाऱ्या माणसाचा स्वतःचा चालता धंदा होता. तो वर्गात धंद्याची ताजी हवा घेऊन येई. आज तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या शिक्षकाच्या हाती ना धंदा असतो ना कायम नोकरी. कायम जागा रिकाम्या ठेवायच्या आणि ‘धंद्यातली माणसे बोलावतो’ असे म्हणायचे, ही काटकसर झाली. तिला लेथबींचे नाव देऊ नये. पाहुणा शिडकावा करतो, रोजचे पाणी घालायला घरचा माळीच लागतो.

आणि पाहुणा म्हणून कोणाला बोलवायचे? नावाजलेल्या आरेखकाला बोलवाच. पण त्याच्याबरोबर ऑफसेट यंत्र चालवणारा, बांधणी करणारा, दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर यांनाही सन्मानाने, योग्य मानधन देऊन बोलवा. कोणत्या कागदावर शाई फुटते, कोणती बारीक रेघ छपाईत मरते, हे तो पाच मिनिटांत दाखवील. आपल्या गावात कलाशाळा असेल तर तिच्या चालकांना, आणि मुले तेथे शिकत असतील तर त्या मुलांना, एवढे विचारा: या वर्षी वर्गात धंद्यातले कोण आले होते, आणि जाताना त्याच्या हाताला शाई लागली होती काय?