नाणेघाटचा महारठी आणि इजिप्तचा ‘पाटील’
जुन्नरजवळील नाणेघाटाच्या सातवाहनकालीन लेण्यात राजा सिमुक, राणी नागनिका व श्रीसातकर्णी यांच्या पंक्तीत ‘महारठी त्रणकयिरो’ या उच्चपदस्थाचीही प्रतिमा कोरलेली होती. आज तेथे पावलांच्या खुणा आणि वरची ब्राह्मी अक्षरे तेवढी उरली आहेत. इजिप्तमधील अधिकारी का-आपेर याचा लाकडी पुतळा मात्र सुमारे साडेचार हजार वर्षे चेहऱ्यानिशी टिकला. मृताच्या ‘का’ला, म्हणजे प्राणशक्तीला, आश्रय मिळावा म्हणून असे पुतळे थडग्यात ठेवीत. सक्कारा येथे १८६० मध्ये तो सापडला, तेव्हा स्फटिकाचे डोळे व स्थूल देह पाहून मजुरांना आपला गावप्रमुखच आठवला. त्यांनी त्याला ‘शेख अल-बलद’, म्हणजे ‘गावचा पाटील’, म्हटले. नाणेघाटच्या महारठीची ओळख मात्र नावापुरतीच राहिली.