चोच, उंदीर आणि प्रिन्सेस स्ट्रीट

प्लेगचा डॉक्टर म्हटले की लांब चोचीचा मुखवटा, डोळ्यांवर गोल काचा आणि पायघोळ अंगरखा एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. झाडीपट्टीच्या नाटकांचे माहेर असलेल्या वडशाच्या प्रेक्षकाला वेषाची ताकद सांगायला नको. पात्राने तोंड उघडण्याआधीच ते कोण हे कळलेले असते. म्हणूनच हा वेष नीट तपासायला हवा. १३४७ ते १३५१ या काळात प्लेगने युरोप उजाड केला, तेव्हा असा मुखवटा कोणी घातल्याचा पुरावा नाही. त्याचे श्रेय फ्रान्सच्या तेराव्या लुईचा वैद्य शार्ल द लॉर्म याला देतात आणि साल १६१९ सांगतात. आपल्या ओळखीचे चित्र तर १६५६ मध्ये जर्मनीत छापलेले, रोमच्या वैद्याची टर उडवणारे. किती वैद्य खरोखर तो चढवून हिंडले, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. चोचीमागचा विचार मात्र स्पष्ट आहे. रोग कुजक्या, दुर्गंधी हवेतून येतो अशी ठाम समजूत होती, म्हणून चोचीच्या पोकळीत कापूर, लवंग, पुदिना असले सुवासिक पदार्थ भरत. हा मुखवटा आपल्याकडे कधी आला नाही, पण त्याच्या आतली समजूत मुंबईत पोचली आणि तिने फार नुकसान केले, असे माझे म्हणणे आहे.

पॅरिसमध्ये ही चोच घडली असे सांगतात त्याच सुमारास आग्र्यात प्लेग होता. जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात आसफखान या सरदाराच्या मुलीने सांगितलेली हकिकत लिहून ठेवली आहे. अंगणात एक उंदीर झिंगल्यासारखा धडपडत आला. दासीने तो मांजरापुढे टाकला. मांजराने झडप घालून तोंडात धरला आणि लगेच टाकून दिला. मांजर आजारी पडले, मग दासीला गाठ आली, आणि त्या घरातली माणसे एकामागून एक दगावली. कारण कोणी सांगितले नाही, पण नजर योग्य जागी होती. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरातले लोकही घरात उंदीर मरू लागले की गाव सोडून रानात जात. हे इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. ज्ञान दप्तरात होते, धोरणात उतरले नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याकडचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यावर उपाय काय झाले? गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुतली, भिंतींना चुना फासला, ऊन-वारा आत यावा म्हणून कौले उतरवली. हादरलेले उंदीर शेजारच्या घरात गेले आणि रोगही त्यांच्यासोबत गेला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या पथकांनी घरे धुंडाळली, लोकांचे सामान जाळले. १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचा प्रिन्सेस स्ट्रीट हा रस्ता आखताना समुद्राची ताजी हवा दाट वस्तीत खेळावी हाही हेतू होता. चोचीत कापूर भरणे आणि वस्तीत वारा भरणे यांमागचा तर्क एकच आहे. त्याच १८९८ च्या जूनमध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले होते की प्लेग उंदरावरची पिसू पसरवते. त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. पुढे प्लेग कमिशनने मुंबईत गिनीपिगचे पिंजरे टांगून पाहिले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातले प्राणी आजारी पडले, दोन फुटांवरचे वाचले. हवा दोन्हीकडे सारखीच होती; पिसू दोन फूट उडी मारू शकत नव्हती. हे पटेपर्यंत जवळपास दशक गेले. १९२१ पर्यंत देशात सुमारे एक कोटी माणसे प्लेगने मेली.

यावर कोणी म्हणेल की मेण लावलेल्या अंगरख्याने पिसवांपासून थोडे तरी रक्षण होत असेल. होत असेल, मी नाकारत नाही. पण योगायोगाने झालेला फायदा समजूत सुधारत नाही, उलट तिला जास्त आयुष्य देतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फुप्फुसाचा प्लेग श्वासातून पसरतोच. खरे आहे. १९१०-११ मध्ये मांचुरियात डॉ. वू ल्येन-ते यांनी त्यासाठीच कापूस आणि गॉझचा मुखवटा वापरायला लावला, आणि तो न घालता रुग्ण तपासणारे फ्रेंच डॉक्टर मेस्नी त्याच साथीत गेले. पण तो मुखवटा रुग्णाच्या खोकल्यातले थेंब अडवण्यासाठी होता, वासासाठी नव्हता. ही चूक केवळ गोऱ्यांची, असेही म्हणता येत नाही. चरकाच्या जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात बिघडलेल्या हवेला साथीच्या कारणांत जागा आहेच. आणि सेवेला समजुतीची अडचण कधीच नव्हती. सावित्रीबाई फुले आजारी मुलाला मुंढव्याहून आपले पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि १० मार्च १८९७ ला प्लेगनेच वारल्या.

हिवतापाचे कोडेही हवेत नव्हे, कीटकातच सुटले: त्याच वर्षी, २० ऑगस्टला, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. भातखाचरे आणि जंगलाच्या गडचिरोली जिल्ह्यात, जो आजही महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा वाटा उचलतो, हा शोध रोजच्या कामाचा आहे. डास रक्त पिऊन घराच्या भिंतीवर विसावतो, म्हणून औषध भिंतीवर मारतात. तेव्हा वडसा, कुरखेडा, धानोऱ्याकडच्या वाचकांना एवढीच विनंती: फवारणीवाले दारात आले की त्यांना अंगणातून परत पाठवू नका, झोपायच्या खोलीपर्यंत जाऊ द्या, आणि पुढचे दोन-तीन महिने त्या भिंती सारवू नका.